८१ मिनिटं

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट-यूजी २०२४ चा पेपर ५ मे रोजी, रविवारी, दुपारी २ वाजता होता. परदेशातली १४ शहरं धरून ५७१ शहरांत ४,७५० केंद्रं आणि २३ लाख ३३ हजार परीक्षार्थी. लातूर आणि नांदेडमध्ये या एका दुपारचं वजन काही वेगळंच. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या निकालांवर उभा राहिलेला लातूर पॅटर्न, मागाहून नांदेडच्या क्लासेसनी मारलेली मुसंडी, त्यांच्याभोवती वाढलेल्या रूम, मेस, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं. हे सगळं वर्षभर राबलं होतं ते या तीन तास वीस मिनिटांसाठी. परभणी-हिंगोलीपासून बीड-धाराशिवपर्यंतची पोरं इथे दोन-दोन वर्षं खोली करून राहतात.

पेपर फुटला तो इथून हजारेक किलोमीटरवर, झारखंडातल्या हजारीबागला. धग मात्र लातूरपर्यंत आली आणि तपासाला नांदेडचं पथक निघालं. त्या दिवसाच्या वेळा ओळीने मांडल्या की कॅमेऱ्याबद्दलची आपली एक लाडकी समजूत उघडी पडते. कॅमेरा बसवला की राखण झाली, ही ती समजूत.

शनिवार, ४ मे, रात्री १० (पेपरला १६ तास)

परीक्षा केंद्र झालेल्या कुठल्याही शाळेत आदल्या रात्री एक माणूस हमखास जागा असतो, तो म्हणजे कॅमेरेवाला. गळ्यात केबलचं वेटोळं, हातात क्रिंपिंगची पक्कड, बाकावर लॅपटॉप. नियम असा की परीक्षेच्या प्रत्येक खोलीत किमान दोन कॅमेरे चालू हवेत आणि त्यांचं चित्र थेट दिल्लीला, राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या, म्हणजे एनटीएच्या नियंत्रण कक्षात दिसायला हवं. एका खोलीत २४ मुलं धरली तर ४८० मुलांच्या केंद्राला वीस खोल्या आणि चाळीस कॅमेरे लागले.

चाळीस कॅमेरे एका रात्रीत चालू करणं वाटतं तितकं सरळ नाही. आयपी कॅमेरा हा छोटा संगणकच. नेटवर्कवर त्याला स्वतःचा पत्ता लागतो. खोक्यातून निघालेले एका कंपनीचे सगळे कॅमेरे बहुधा एकच पत्ता घेऊन येतात. ते एकदम स्विचला जोडले की एकाच सातबाऱ्यावर चाळीस भाऊबंदांनी हक्क सांगावा तसा गोंधळ उडतो. एक चित्र येतं, दुसरं जातं, तिसरं लुकलुकतं. अनुभवी माणूस एकेक कॅमेरा जोडतो, पत्ता बदलतो, डब्यावर मार्करने आकडा लिहितो आणि मगच पुढच्याला हात लावतो. घाईतला माणूस सगळे जोडून मोकळा होतो आणि पहाटे तीनला डोकं धरून बसतो.

मग केबलचं दुखणं. तांब्याची नेटवर्क केबल शंभर मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, आणि आपल्या शाळा असतात लांबलचक. कार्यालय एका टोकाला, दहावीचे वर्ग मैदानापलीकडे. मधे एक स्विच टाकावा लागतो, त्याला वीज लागते, आणि ती वर्गातल्या पंख्याच्या बोर्डावरून घेतली जाते. इथेच खरी मेख. चित्र साठवणाऱ्या डब्याला, म्हणजे एनव्हीआरला, यूपीएस दिलेला असतो. मधल्या स्विचला कोणी देत नाही. लाइट गेली की रेकॉर्डर ठणठणीत आणि कॅमेरे मेलेले. कार्यालयातल्या पडद्यावर काळे चौकोन उमटतात. शिपाई म्हणतो, येईल लाइट.

आणि घड्याळ. एनव्हीआरच्या पोटात बटणाएवढी बॅटरी असते. ती संपली की डबा बंद होऊन चालू झाल्यावर त्यातली तारीख वर्षानुवर्षं मागे जाते. ती गोष्ट तरी पटकन लक्षात येते. सात-आठ मिनिटांचा फरक कोणाच्याच लक्षात येत नाही. इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय प्रत्येक डब्यात असते, ती चालू केलेली क्वचितच सापडते. कोणी म्हणेल, सात मिनिटांनी काय बिघडतं? जालन्याला विचारा. तिथल्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, यावर सगळा खटला उभा राहिला आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या चित्रीकरणाचा. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये निकाल दिला: मूळ यंत्रच कोर्टात आणलेलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र हवंच. देशभरातल्या कोर्टांत कॅमेऱ्याच्या चित्राचं भवितव्य ज्या निकालावर ठरत आलं तो मराठवाड्यातला आहे, हे आपल्याकडच्या कॅमेरेवाल्यांनाही फारसं ठाऊक नसतं.

रात्री उशिरा पडद्यावर चाळीस चौकोन हलताना दिसले की केंद्राकडून कळवलं जातं: कॅमेरे चालू. चालू म्हणजे पडद्यावर चित्र दिसतंय, एवढंच. ते साठतंय का, दिल्लीला पोचतंय का, पोचलं तर तिथे कोणी बघतंय का, हे तीन प्रश्न वेगळे आणि त्या एका शब्दाने तिन्ही झाकले जातात.

परीक्षेच्या दिवशी एनटीएसाठी त्रयस्थांनी केलेल्या तपासणीचे आकडे जूनमध्ये वर्तमानपत्रात आले. ३९९ केंद्रं पाहिली. त्यांतल्या १८६ ठिकाणी खोलीमागे दोन चालू कॅमेरे हा नियम पाळलेला नव्हता. ६८ ठिकाणी प्रश्नपत्रिकांच्या स्ट्राँगरूमवर पहारेकरीच नव्हता.

समजा, सगळीकडे सगळे कॅमेरे चालू असते, तर? हिशेब करून बघा. २३ लाख ३३ हजार मुलं, खोलीमागे २४, म्हणजे सुमारे ९७ हजार खोल्या आणि एक लाख चौऱ्याण्णव हजार कॅमेरे. एका माणसापुढे एका वेळी सोळा चौकोन ठेवले, आणि सोळा म्हणजेही डोळ्यांना पाणी आणणारं काम, तरी बारा हजारांहून जास्त माणसं लागतील. बारा हजार माणसं बसवायला दिल्लीत परीक्षेचंच एक वेगळं केंद्र काढावं लागेल. दिल्लीला चित्र जाणं आणि दिल्लीने ते पाहणं यांत एवढं अंतर आहे.

चित्र दूर नेण्याची दुसरी बाजूही सांगून टाकतो, कारण तीही लातूरला येऊन भिडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहमदाबादच्या सायबर गुन्हे शाखेने गुजरातेतल्या राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या चित्रफितींच्या प्रकरणात तिघांना पकडलं. स्त्रियांच्या तपासणीची दृश्यं टेलिग्रामवर विकली जात होती. पकडलेल्यांत एक तरुण लातूरचा, एक सांगलीचा. रुग्णालयाच्या कॅमेऱ्यांचा कारखान्यातून आलेला सोपा पासवर्ड कोणी बदललाच नव्हता, असं पुढे आलं. तिथे कॅमेरे उत्तम चालत होते आणि ते पाहणारेही होते; फक्त ज्यांनी पाहायला हवं ते नव्हते. डॉक्टरांना मोबाइलवर चित्र दिसावं म्हणून राउटरमध्ये वाट उघडून दिली जाते, बिल घेतलं जातं, पासवर्ड तसाच राहतो. आपल्या गावात आज रात्री अशा किती वाटा उघड्या असतील, या विचाराने झोप उडावी.

रविवार, ५ मे, सकाळी ६ (पेपरला ८ तास)

लातूर-नांदेडच्या बसस्थानकांवर त्या दिवशी दोन गर्द्या होत्या. एक परीक्षार्थींची: पारदर्शक पाण्याची बाटली, हॉल तिकीट, फोटो, आणि सोबत बाप किंवा मामा. दुसरी प्रचाराची. लातूर लोकसभेचं मतदान ७ मे रोजी होतं, म्हणजे जाहीर प्रचाराचा हा शेवटचा दिवस.

नांदेडचं मतदान २६ एप्रिललाच उरकलं होतं. तिथली मतदान यंत्रं स्ट्राँगरूममध्ये बंद होती ती ४ जूनपर्यंत, एकोणचाळीस दिवस. ही स्ट्राँगरूम कशी असते ते जरा थांबून बघण्यासारखं आहे. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे आत जायला एकच दार. बाकीची दारं-खिडक्या विटांनी बुजवून टाकायच्या. दाराला दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. बाहेर सशस्त्र पहारा. चोवीस तास कॅमेरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: उमेदवारांच्या माणसांना बाहेर मुक्काम ठोकण्याची मुभा. दार त्यांना थेट दिसत नसेल तर ते पडद्यावर दिसेल अशी सोय प्रशासनाने करून द्यायची. मग तिथे मांडव पडतो, खुर्च्या येतात, चहाचा थर्मास येतो आणि एकमेकांवर काडीचाही विश्वास नसलेली माणसं एका बंद दाराच्या हालचालशून्य चित्राकडे पाळीपाळीने बघत बसतात.

त्याच सकाळी नीटच्या प्रश्नपत्रिकांच्या पेट्या बँकांच्या कोठड्यांतून केंद्रांकडे निघाल्या.

सकाळी ८.०२ (पेपरला ५ तास ५८ मिनिटं)

हजारीबागच्या ओॲसिस शाळेत पेट्या आल्या होत्या आणि तिथल्या नियंत्रण कक्षात, म्हणजे शाळेच्या स्ट्राँगरूममध्ये, ठेवल्या गेल्या होत्या. पुढचं सीबीआयने सांगितलेलं आहे. पेट्या पोचल्यानंतर काही मिनिटांतच एका बाहेरच्या माणसाला त्या खोलीत जाऊ दिलं गेलं. जाऊ देणारे म्हणून ज्यांच्यावर आरोप आहे ते शाळेचे प्राचार्य आणि उपप्राचार्य. यांतले प्राचार्य एनटीएचे शहर समन्वयक, उपप्राचार्य केंद्राचे अधीक्षक. राखणदारीचे अधिकार कागदोपत्री ज्यांच्या हाती होते, तेच हे दोघे.

आत गेलेला माणूस स्थापत्य अभियंता, जमशेदपूरच्या एनआयटीचा पदवीधर. पेटीच्या तोंडाला सील होतं, कुलूप होतं, आणि त्यावर वेळेचं बंधन घातलेलं डिजिटल कुलूपही होतं. त्याने त्यांतल्या कशालाच हात लावला नाही. खास हत्यारांनी बिजागऱ्या सोडवल्या. आपल्याकडे जुन्या घराच्या चोऱ्या अशाच व्हायच्या. कडी-कोयंडा शाबूत आणि दार उचलून बाजूला. एक प्रश्नपत्रिका काढली, पानापानाचे मोबाइलवर फोटो घेतले, परत ठेवली, पेटी पुन्हा होती तशी केली.

सर्वोच्च न्यायालयाच्या २ ऑगस्टच्या सविस्तर निकालात या ठिकाणचा एक तपशील नमूद आहे, आणि मला तो सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका वाटतो: स्ट्राँगरूमचं मागचं दार उघडलं गेलं होतं.

मागचं दार. कॅमेरे बसवणाऱ्याला विचारा, शाळेत कॅमेरा कुठे लावायला सांगतात? प्रवेशद्वारावर, व्हरांड्यात, वर्गात, प्राचार्यांच्या केबिनबाहेर. म्हणजे जिथे येणाऱ्याजाणाऱ्याला तो दिसेल तिथे. मागच्या दाराला कोणी मागत नाही, कारण ते बंदच असतं, असं सगळे सांगतात. नीटच्या नियमांचा सगळा रोखही मुलांवर. दोन कॅमेरे मुलांच्या खोलीत, झडती मुलांची, बोटांचे ठसे मुलांचे, कानातली काढायला लावायची ती मुलींना. खोलीत बसलेला मुलगा फार तर शेजाऱ्याचं उत्तर बघणार. ज्याच्या हाती पेटी आहे तो अख्खा पेपर बघू शकतो.

तंत्र म्हणाल तर यात अवघड काहीच नव्हतं. अडीच-तीन हजारांच्या साध्या आयपी कॅमेऱ्यातही चित्रात हालचाल दिसली की इशारा देण्याची सोय असते. पडद्यावर बोटाने चौकोन आखायचा, त्यात पेटी बसवायची आणि सांगायचं: या चौकोनात काही हललं तर शिट्टी वाजव, मोबाइलवर फोटो पाठव. पेट्या ठेवल्यापासून उघडण्याच्या वेळेपर्यंत त्या खोलीत काहीच हलायचं नसतं. त्यामुळे खोटा इशारा येण्याचा त्रासही नाही. बंद खोलीत पालही कॅमेऱ्याच्या अगदी समोरून गेली तरच. २३ लाख मुलांवर नजर ठेवायला बारा हजार माणसं लागत असतील, पण ४,७५० बंद खोल्यांचे इशारे शंभर माणसं सांभाळू शकतात. अट एकच. इशारा त्या शाळेबाहेरच्या, त्या जिल्ह्याबाहेरच्या माणसाच्या हातात वाजला पाहिजे.

इथे बारामतीची आठवण येते. याच घटनेनंतर आठ दिवसांनी, १३ मे रोजी, बारामती मतदारसंघाची यंत्रं जिथे ठेवली होती त्या पुण्यातल्या गोदामाचा कॅमेरा ४५ मिनिटं बंद असल्याची तक्रार तिथल्या उमेदवार सुप्रिया सुळे यांनी जाहीरपणे केली. राज्यभर बोंब उठली. प्रशासनाने खुलासा केला की विजेच्या कामासाठी एक केबल काढली होती, बंद पडला होता तो फक्त बाहेरचा पडदा, रेकॉर्डिंग सुरूच होतं. खुलासा पटला की नाही हा प्रश्न वेगळा. पडदा काळा झाला ते लगेच कळलं, कारण त्याच्यासमोर संशयी माणसं बसली होती आणि त्यांना हरण्याची भीती होती. ४५ मिनिटांचा काळा पडदा महाराष्ट्राने ऐकून घेतला नाही. हजारीबागच्या खोलीसमोर मात्र हरणाऱ्यांपैकी कोणी बसलंच नव्हतं. हरणारी २३ लाख मुलं त्या वेळी चहा-बिस्किट खाऊन सूत्रं चाळत होती.

सकाळी ९.२३ (पेपरला ४ तास ३७ मिनिटं)

तो माणूस बाहेर पडला. ८.०२ ते ९.२३. महान्यायअभिकर्ता तुषार मेहता यांनी या दोन वेळा सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितल्या. ८१ मिनिटं.

सकाळी ९.३० नंतर

फोटो निघाले ते जवळच्याच एका अतिथीगृहाकडे. तिथे उत्तरं सोडवायला वैद्यकीयचे विद्यार्थी बसवले होते. पाटण्याच्या एम्समधले चौघे आणि रांचीच्या रिम्समधली एक विद्यार्थिनी पुढे सीबीआयच्या ताब्यात गेली. हीच परीक्षा उत्तम गुणांनी पार केलेली पोरं. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांना सुनावणीत हे पचायला जड गेलं. पाऊण तासात पेपर फुटतो, सुटतो आणि मुलांपर्यंत पोचतो, हे त्यांना फारच ओढूनताणून आणलेलं वाटलं. उत्तर आलं की सात जण होते, प्रत्येकाने पंचविसेक प्रश्न वाटून घेतले. क्लासेसच्या गावात वाढलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. पंचवीस प्रश्नांना पाऊण तास म्हणजे निवांत वेळ.

सुटलेला पेपर पाटण्याला गेला, छापला गेला आणि एका वसतिगृहात आणून ठेवलेल्या मुलांकडून पाठ करून घेतला गेला.

सकाळी ११ (पेपरला ३ तास)

केंद्रांची दारं उघडली. झडती सुरू झाली. लातूर असो, नांदेड असो की हजारीबाग, दृश्य एकच: रांग, मेटल डिटेक्टर, कापलेले बाह्यांचे काठ, काढून ठेवलेले बूट, फाटकाबाहेर झाडाची सावली शोधणारे पालक. पाटण्यात त्याच वेळी काही मुलं उत्तरं घोकून केंद्राकडे निघण्याच्या तयारीत होती. झडतीत त्यांच्याकडे काहीच सापडणार नव्हतं.

दुपारी १.१५ (पेपरला ४५ मिनिटं)

पेट्यांची डिजिटल कुलपं या वेळेला आपोआप उघडायची होती. हजारीबागला ती उघडली नाहीत. एनटीएला विचारून शेवटी कटरने कापावी लागली, असं त्या शाळेच्या प्राचार्यांनीच जूनमध्ये पत्रकारांना सांगितलं. अटक व्हायची होती त्याच्या आधी. डिजिटल कुलूप चोरासाठी नव्हतंच, कारण चोर त्या बाजूने गेलाच नाही. ज्यांनी नियमाने उघडायचं त्यांची मात्र त्याने अडवणूक केली.

दुपारी १.३०

फाटकं बंद झाली. एक मिनिट उशिरा आलेल्यांना आत घेतलं जात नाही. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या फाटकापाशी एखादी मुलगी गज धरून रडत असल्याचा फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतो. वेळेचा काटेकोरपणा या परीक्षेत आहेच, फक्त तो फाटकावर आहे.

दुपारी २.००

पेपर सुरू झाला. वर्गांतले कॅमेरे मुलांच्या माना मोजत होते.

त्यानंतर

पाटण्यात दुपारीच टीप मिळाली आणि शास्त्रीनगर पोलिसांनी धरपकड सुरू केली. वसतिगृहात अर्धवट जळलेली प्रश्नपत्रिका सापडली. तिच्यावरच्या क्रमांकावरून बिहारच्या आर्थिक गुन्हे शाखेने ती हजारीबागच्या शाळेची असल्याचं शोधलं. गुन्हा उघडकीला आला तो टीप आणि जळका कागद यांच्यामुळे, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या पोलिसालाही जमलं असतं अशा मार्गाने. लातुरात संध्याकाळी प्रचाराच्या तोफा थंडावल्या.

४ जूनला दोन निकाल एकाच दिवशी लागले. लोकसभेचा आणि, ठरल्या तारखेच्या दहा दिवस आधी, नीटचा. ६७ जणांना ७२० पैकी ७२०. लातूर-नांदेडच्या क्लासेसमध्ये दर वर्षी या गुणांना कुठलं कॉलेज मिळेल याची कोष्टकं तयार असतात. ती सगळी त्या संध्याकाळी रद्दी झाली.

२२ जूनला नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाने लातुरात जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांची चौकशी केली आणि २३ तारखेला शिवाजीनगर पोलीस ठाण्यात चौघांवर गुन्हा नोंदला गेला. मोबाइलमध्ये हॉल तिकिटं आणि पैशांच्या देवघेवीच्या खुणा सापडल्याचं सांगण्यात आलं. प्रकरण पुढे सीबीआयकडे गेलं. न्यायालयाने फुटीची ठिकाणं म्हणून नावं घेतली ती हजारीबाग आणि पाटण्याची, लातूरचं नाही. लाभ घेतलेले १५५ विद्यार्थी निघाले, फेरपरीक्षेची मागणी २३ जुलैला फेटाळली गेली, आणि इस्रोचे माजी प्रमुख के. राधाकृष्णन यांच्या समितीला न्यायालयाने जी कामं नेमून दिली त्यांत कॅमेऱ्यांची देखरेख हा एक विषय होता.

समितीचं काम समितीकडे. मी फक्त आपल्याकडच्या एखाद्या शाळेतला डबा उघडून दाखवतो. सोळा कॅमेरे, प्रत्येकी दोन मेगापिक्सेल, दर सेकंदाला दोन मेगाबिट. एका कॅमेऱ्याचे दिवसाला साडेएकवीस जीबी, सोळांचे मिळून ३४५. आत चार टीबीची डिस्क. शाळेच्या बजेटात सहसा यापेक्षा मोठी बसत नाही. डिस्क भरली की डबा विचारत नाही, सगळ्यात जुन्या चित्रावर नवं चित्र चढवायला लागतो. बसवतानाच तशी कळ दाबलेली असते, नाहीतर रेकॉर्डिंग थांबतं आणि तक्रार येते. चार टीबी या हिशेबाने साडेअकरा दिवस पुरतात. त्याच्या आत कोणी पेनड्राइव्ह लावून हवा तो तुकडा काढून ठेवला, त्याची नोंद केली, सोबत प्रमाणपत्र लिहिलं, तर तो पुरावा. नांदेडचं पथक लातुरात आलं तोवर ४८ दिवस झाले होते. तेवढं साठवायला सतरा टीबी लागले असते. अशा साध्या डब्यात ५ मेची सकाळ १६ मेच्या रात्रीच पुसली गेली असती. तेव्हा निकालालाच अजून एकोणीस दिवस होते.